किरण वऱ्हाडावर, पत्ता इतरांचा

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या गच्चीवर उभे राहून आग्नेय दिशेला तोंड करावे आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर पाहावे. डोळ्यांना तेथे काहीही दिसणार नाही. परंतु विषुववृत्तावर, जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर भारताचा 'जीसॅट-१५' हा उपग्रह तेथे स्थिर आहे आणि दूरदर्शनची 'फ्री डिश' ही मोफत सेवा त्याच्याच द्वारे घराघरांत पोहोचते. तेथून नजर थोडी पूर्वेकडे आणि थोडी खाली, म्हणजे ५० अंशांच्या उंचीवर आणली की ती जागा येते, जेथे १९९० पासून हाँगकाँगच्या कंपनीचा 'एशियासॅट-१' उभा होता. आणि पाठ फिरवून पश्चिमेच्या किंचित दक्षिणेकडे, ३६ अंशांच्या उंचीवर पाहिले, तर १९७५-७६ या एका वर्षापुरता तेथे अमेरिकेचा 'एटीएस-६' मुक्कामाला होता.

आकाशातील या तीन जागा ध्यानात घेतल्या म्हणजे वऱ्हाडच्या दूरचित्रवाणीचा सारा इतिहास ध्यानात येतो. तिन्ही वेळा किरण वऱ्हाडावर पडला. तो कोणासाठी सोडलेला होता, हा प्रश्न मात्र तिन्ही वेळा वेगळा होता आणि त्याचे उत्तर आजही समाधानकारक नाही.

उपग्रहाचा किरण नकाशावरील सीमारेषा पाळीत नाही. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर बॅटरीचा झोत टाकला तर मध्यभागी प्रकाशाचे वर्तुळ उमटते. पण त्या वर्तुळाच्या कडेला प्रकाश एकाएकी संपत नाही, तो विरळ होत जातो. उपग्रहाचेही तसेच आहे. अभियंते नकाशावर एक वेटोळी रेषा काढतात, तिला 'फूटप्रिंट' म्हणतात, आणि या रेषेच्या आत अमुक व्यासाची डिश पुरेल असे जाहीर करतात. रेषेबाहेर संदेश क्षीण होतो, नाहीसा होत नाही. ज्याच्यापाशी मोठी डिश, चांगला ग्राहक-संच आणि चिकाटी आहे, त्याला तो रेषेबाहेरही पकडता येतो. तांत्रिकदृष्ट्या 'क्षेत्राबाहेरील ग्रहण' म्हणतात ते हेच. परंतु या विषयाची दुसरीही एक बाजू आहे आणि तिची चर्चा सहसा होत नाही. रेषेच्या ऐन मध्यावर राहूनही माणूस 'क्षेत्राबाहेर' असू शकतो. कारण किरण त्याच्या डोक्यावर पडत असला, तरी त्यातील शब्द त्याच्यासाठी नसतात.

१९७५ सालचा 'साइट' प्रयोग हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. डॉ. विक्रम साराभाईंच्या द्रष्टेपणातून हा प्रयोग उभा राहिला. १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची 'नासा' यांच्यात करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. पण त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडले नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रा. यशपाल आणि प्रयोगाची व्यवस्था पाहणारे एकनाथ वसंत चिटणीस यांनी तो तडीस नेला. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, हे मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर एटीएस-६ उपग्रहावरून २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. अमेरिकेने उपग्रह दिला. पण जमिनीवरील यंत्रणा, खेड्यांतील संच आणि कार्यक्रम भारतीयांनी उभे केले. तीन मीटर व्यासाची डिश तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती! आत्मनिर्भरतेवर आज भाषणे पुष्कळ होतात. ती प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहायचे असेल, तर या जाळीच्या डिशचे छायाचित्र पाहावे.

निवडलेली राज्ये सहा होती: राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. हा नकाशा समोर धरला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. उत्तरेस आणि पूर्वेस मध्य प्रदेश, आग्नेयेस आंध्र, दक्षिणेस कर्नाटक आणि या सर्वांच्या मधोमध विदर्भ. रायपूर-दुर्गकडच्या खेड्यांना, मेदक-महबूबनगरच्या खेड्यांना, गुलबर्गा-विजापूरच्या खेड्यांना जो किरण न्हाऊ घालीत होता, तोच अमरावती आणि अकोल्यावरूनही जात होता. परंतु कार्यक्रमांच्या भाषा होत्या चार: हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवण्याची सोय होती. त्यामुळे एकच चित्र पाहताना एका गावात तेलुगू आणि दुसऱ्या गावात कन्नड ऐकता येई. मराठीसाठी ध्वनिमार्ग नव्हता. वऱ्हाडातील एकाही चावडीवर तो संच बसला नाही.

यात कोणाचा दुष्टावा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. साधने तुटपुंजी होती, मागासलेल्या भागांना प्राधान्य द्यायचे होते, आणि महाराष्ट्रात तर मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ लाच सुरू झाले होते. दिल्लीच्या कागदावर महाराष्ट्राला दूरचित्रवाणी मिळालेली होती. मुंबईपासून अकोला रेल्वेने सुमारे ५८५ किलोमीटर आणि अमरावती त्याहूनही पुढे आहे, वरळीच्या मनोऱ्यावरील प्रक्षेपण सह्याद्री ओलांडून वऱ्हाडात येत नाही, हे त्या कागदावर दिसत नव्हते. राज्य हा एकक धरून विचार केला की असे होते. मुंबईला मिळाले म्हणजे महाराष्ट्राला मिळाले, हा हिशेब वऱ्हाडाला काही नवा नाही.

त्याच वर्षी उद्दिष्ट क्षेत्राच्या बाहेर दोन ठिकाणी हा भारतीय कार्यक्रम पाहिला जात होता. पहिले ठिकाण कोलंबो. भूस्थिर उपग्रहांद्वारे दळणवळणाची कल्पना १९४५ मध्येच मांडणारे लेखक आर्थर क्लार्क तेथे राहत होते. इस्रोच्या अभियंत्यांनी त्यांच्या घरी डिश आणि संच बसवून दिला. श्रीलंका प्रयोगाच्या क्षेत्रात नव्हती, म्हणून डिश खेड्यांतल्यापेक्षा मोठी लागली. ज्याने ही कल्पना मांडली त्याला ती साकार झालेली त्याच्याच दिवाणखान्यात दाखवावी, ही इस्रोची सौजन्यबुद्धी खास भारतीय म्हणावी लागेल. दुसरे ठिकाण मात्र कोणाच्या कल्पनेतही नव्हते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्टीफन बर्किल या अभियंत्याने घरी बनवलेल्या डिशने हाच संदेश पकडला. शेफील्डहून तो उपग्रह क्षितिजाच्या वर जेमतेम २० अंशांवर होता, किरणाचा रोख भारताकडे होता आणि इंग्लंडकडे केवळ कडेची सांडलेली ऊर्जा जात होती. तेवढ्यावर त्या गृहस्थाने भारतातील खेडुतांसाठीचा कार्यक्रम पडद्यावर आणला. घरगुती डिशने उपग्रहवाहिन्या पाहण्याच्या पुढल्या काळातील छंदाचा आणि उद्योगाचा उगम सांगताना आजही या घटनेचा उल्लेख केला जातो.

शेफील्डला दिसले, अकोल्याला दिसले नाही. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिणारे पहिली ओळ कौतुकाने लिहितात. दुसरी ओळ लिहिणे हे वऱ्हाडचेच काम आहे.

(जाता जाता एवढे नमूद करावयास हवे की हा सारा काळ आणीबाणीचा होता. २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि पाच आठवड्यांनी हा प्रयोग सुरू झाला. शेती, आरोग्य आणि शाळकरी मुलांसाठीचे विज्ञान यांवरील त्याचे काम उत्तम होते. पण दिल्लीहून बातम्या म्हणून जे येई, ते सेन्सॉरच्या हाताखालून आलेले असे. वृत्तपत्रांचे अग्रलेख कोरे जात असताना खेड्यात पोहोचलेला पहिला पडदा सरकारचा होता. दूरदर्शनच्या स्वायत्ततेची मागणी पुढे इतकी तीव्र का झाली, त्याची मुळे येथे आहेत.)

पुढे स्वदेशी उपग्रहमालिका आली. १९८२ चा इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ ला सोडलेला इन्सॅट-१बी मात्र यशस्वी ठरला. त्यावर विसंबून १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची अक्षरशः रांग लागली आणि त्या लाटेत दूरचित्रवाणी जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली. वऱ्हाडाला चित्र मिळाले. पण या प्रक्षेपकांचे काम काय होते? उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि आसपासच्या काही किलोमीटर परिसरात जसाच्या तसा फेकायचा. मुंबईत तयार होणारे मराठी नाटक, मराठी बातम्या, शेतकऱ्यांसाठीचा 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम या मार्गाने येतच नव्हता. मुंबई-पुण्याच्या घरात मराठी आणि अकोल्याच्या घरात दिल्लीची हिंदी, अशी विचित्र वाटणी त्यामुळे काही वर्षे राहिली. राष्ट्रीय कार्यक्रमाने देश जोडला हे खरे. 'रामायण' आणि 'महाभारत' यांच्या वेळी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ते वऱ्हाडातही. त्या एकात्मतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु देश जोडण्यासाठी मायबोली वगळावी लागते, असा नियम कोठेही नाही. मराठीची उपग्रह वाहिनी यायला १९९४ उजाडले; तिलाच पुढे 'सह्याद्री' हे नाव मिळाले.

तोवर आकाशात भलतेच घडून गेले होते. अमेरिकेतील वेस्टर्न युनियन या कंपनीने अमेरिकेपुरता 'वेस्टार-६' नावाचा उपग्रह बनवून घेतला. फेब्रुवारी १९८४ मध्ये 'चॅलेंजर' यानातून तो सोडला, पण चुकीच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'डिस्कव्हरी' यानातील अंतराळवीरांनी त्याला पकडून पृथ्वीवर परत आणले. विम्याच्या व्यवहारातून तो विकला गेला, डागडुजी होऊन 'एशियासॅट-१' झाला आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या अग्निबाणाने कक्षेत गेला. अमेरिकेसाठी जन्मलेला, अवकाशातून मोडकळीस आलेल्या अवस्थेत परत आणलेला, हाँगकाँगच्या मालकीचा आणि चीनने उडवलेला हा उपग्रह. आणि त्याच्या दक्षिणेकडील किरणात भारत आपसूक आला. १९९१ मध्ये 'स्टार' वाहिन्या सुरू झाल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत आखाती युद्धाची थेट दृश्ये मोठ्या शहरांतल्या हॉटेलांच्या डिशांवर पाहून लोकांची भूक चाळवली होती. मग गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. एक मोठी डिश, एक खोली, खांबांवरून आणि झाडांवरून नेलेल्या तारा, महिना ठराविक रक्कम. महानगरांत जे सुरू झाले, ते तालुक्याच्या गावी यायला वेळ लागला नाही.

भारताच्या सरकारची यासाठी परवानगी होती काय? नव्हती. विरोध होता काय? तोही नव्हता; कारण कायदाच नव्हता. हाती होता तो १८८५ चा इंग्रजांचा तार कायदा. केबलचे नियमन करणारा कायदा १९९५ साली झाला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे असा निर्वाळा दिला. म्हणजे चार वर्षे देशाच्या घराघरांत परक्या मालकाचा किरण उतरत होता आणि देशाचे सरकार तो पाहत होते. आपल्या आकाशात काय यावे याची योजना आपण केली नाही, तर ती दुसरा कोणी करतो, हा धडा त्या चार वर्षांत मिळाला.

नंतर बंदीचे उपाय झाले. १९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या युद्धकाळात, पाकिस्तान टेलिव्हिजन दाखवण्यास केबलवाल्यांना मनाई झाली. ती योग्यच होती. सीमेवर जवान रक्त सांडत असताना शत्रूचा प्रचार दिवाणखान्यात येऊ देणे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला शोभत नाही. २००५ मध्ये परदेशी उपग्रहांवरून वाहिन्या उतरवून घेण्यासाठी नोंदणी सक्तीची झाली. २०१६ मध्ये, ढाक्यातील दहशतवादी हल्ल्यानंतर, दुबईहून चालणाऱ्या आणि अशी परवानगी नसलेल्या 'पीस टीव्ही'चे प्रसारण थांबवण्याचे आदेश राज्यांना आणि केबलचालकांना पुन्हा द्यावे लागले. 'पुन्हा' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बंदी केबलवाल्याच्या खोलीवर लागू होते, किरणावर नाही. तार तोडता येते. आकाशातून सांडणारा प्रकाश अडवता येत नाही.

पाकिस्तानलाही हा अनुभव उलट बाजूने आला. भारतीय डीटीएचचे किरण सिंध-पंजाबवर सांडतात. तेथील बाजारात भारतीय संच चोरटेपणाने विकले जात आणि २०१६ मध्ये तेथील नियामक संस्थेने त्यांविरुद्ध मोहीम उघडली. भारतीय मालिका पाहणारी कराचीची गृहिणी आणि जाळीच्या डिशचा कार्यक्रम पाहणारा शेफील्डचा अभियंता, दोघेही क्षेत्राबाहेरचेच. एकाला कुतूहल होते, दुसरीला गोष्ट आवडत होती. माणसाला जे हवे असते ते तो रेषेपलीकडूनही मिळवतो. आखातात नोकरीला गेलेली भारतीय कुटुंबे इकडची डिश तिकडे नेऊन, ती दिशा बदलून लावत आली, ती याच ओढीने. म्हणून परक्या किरणावरील खरा उतारा बंदीत थोडा आणि स्वतःच्या किरणात अधिक असतो. लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या कामाचे आणि त्यांच्या आवडीचे मिळाले, तर ते दुसरीकडे डिश वळवीत नाहीत.

आणि येथेच आजच्या 'फ्री डिश'चा प्रश्न येतो. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ही सेवा सुरू झाली. एकदा डिश आणि संच विकत घेतला की महिन्याला एक पैसाही द्यावा लागत नाही. प्रसार भारतीच्या म्हणण्यानुसार आज ४ कोटींहून अधिक घरांत ती पोहोचली आहे. जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणारे जुने प्रक्षेपण दूरदर्शनने मोजके अपवाद वगळून देशभर बंद केले आहे. म्हणजे गच्चीवरचा तो काटेरी अँटेना आता निरुपयोगी झाला. ज्याला महिन्याचे भाडे परवडत नाही, अशा कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्यासमोर, शेतमजुरासमोर, मेळघाटातील कोरकू कुटुंबासमोर आग्नेयेला वळवलेली ही एकच डिश उरते. मेळघाटाच्या दऱ्याखोऱ्यांत मोबाइलचा मनोरा गाठ घालून देत नाही तेथेही ६० अंशांवरून येणारा हा किरण डोंगर चुकवून उतरतो. भूगोलाने कधी नव्हे ती कृपा केली आहे.

पण त्या किरणात आहे काय? खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने विकल्या जातात. जास्त बोली लावणारा तो जागा घेतो आणि सर्वांत मोठी बाजारपेठ हिंदीची असल्याने बोलीही हिंदीचीच चढते. मराठी वाहिन्या त्यात आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कोणती टिकेल आणि कोणती पुढल्या लिलावात गळेल याचा भरवसा नाही. शेतकऱ्यांसाठी २६ मे २०१५ ला 'डीडी किसान' सुरू झाली, हेतू स्तुत्य, पण तिची भाषा मुख्यतः हिंदी. 'सह्याद्री' आहे, परंतु ती साऱ्या महाराष्ट्राची. कोकणच्या भातापासून सोलापूरच्या ज्वारीपर्यंत सर्वांना थोडे थोडे देणे तिला भाग आहे.

वऱ्हाडची गरज थोड्याने भागणारी नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा घ्यावा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते पिण्यासही योग्य नाही आणि ओलितासही. विहीर खोदा, पंप बसवा हा साऱ्या महाराष्ट्राला दिलेला सल्ला तेथे जमिनीचे वाटोळे करील. तेथे शेततळे, पावसाच्या पाण्याचे मुरवण, चिबड जमिनीतून पाण्याचा निचरा यांचे शास्त्र वेगळे आहे. हे शास्त्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९६९ पासून जमा होत आले आहे. कपाशीवर गुलाबी बोंडअळी केव्हा येते, कामगंध सापळे केव्हा लावायचे, फरदड का घेऊ नये, हे सांगणारी माणसे तेथे आहेत. त्यांचा शब्द शेतकऱ्यापर्यंत जाण्याआधी कृषी केंद्राच्या काउंटरवरील औषध विकणाऱ्याचा शब्द पोहोचतो, ही वस्तुस्थिती आहे, आणि वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या कर्जाचे एक कारण तिच्यात आहे. कोरकूंबद्दल तर बोलावयासच नको. त्यांची भाषा मुंडा कुळातील, मराठीहून सर्वस्वी निराळी. गरोदर मातेच्या आहाराविषयी त्या भाषेत पाच मिनिटे बोलणारा पडदा त्यांना मिळत नाही. १९७५ मध्ये तेलुगू आणि कन्नड यांसाठी एकाच चित्राला दोन ध्वनी जोडता आले होते. पन्नास वर्षांनंतर मराठी चित्राला कोरकू ध्वनी जोडणे अशक्य आहे, असे कोणता अभियंता म्हणेल?

यासाठी नवा उपग्रह नको, नवे केंद्र नको. नागपूरला दूरदर्शनचे केंद्र आहे; इन्सॅटच्या ग्रामीण कार्यक्रमांची क्षेत्रे ठरली तेव्हा महाराष्ट्रातून नागपूरच निवडले गेले होते. अकोल्याला विद्यापीठ आहे. अकोला आणि अमरावती येथे आकाशवाणी आहे आणि वऱ्हाडी बोलीत बोलणारी, श्रोत्यांच्या ओळखीची माणसे तिच्यापाशी आहेत. हवे आहे ते 'सह्याद्री'वर किंवा 'डीडी किसान'वर दररोज संध्याकाळी, दिवे लागल्यानंतर, अर्धा तास वऱ्हाडासाठी; आणि फ्री डिशच्या लिलावात प्रादेशिक भाषांच्या काही जागा पैशाच्या बोलीबाहेर राखून ठेवणे. प्रसार भारती हे सार्वजनिक महामंडळ आहे, दुकान नाही. तिच्या कायद्यातच ग्रामीण भाग, शेती आणि प्रादेशिक भाषा यांकडे लक्ष देण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. अमरावती आणि अकोल्याच्या खासदारांनी ही मागणी अंदाजपत्रकाच्या चर्चेत नव्हे, तर पुढल्या लिलावाच्या अटी छापल्या जाण्यापूर्वी करावयास हवी. एकदा अटी छापल्या की जागा विकलेल्या असतात.